रिठ्याचं पाणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. आदितीस,

जय जिनेंद्र. अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमच्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालतो.

आज दुकानाला सुट्टी. फोन करणार होतो, पण फोनवर तू "हं" म्हणतेस, मग मी "हं" म्हणतो आणि मग तू फोन अरिहंतरावांकडे देतेस. त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलून मी ठेवून देतो. म्हणून कागद घेतला. बऱ्याच वर्षांनी घेतला. अक्षर बिघडलं आहे, समजून घे.

दिवाळी केली नाही. दुखवट्याचं वर्ष आहे, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही. पहाटे बस्तीत जाऊन भगवंतांपुढे निर्वाण लाडू चढवला, तेवढंच. भाऊबीजेला तुझ्या वहिनीनं, अनुजानं ताट काढून ठेवलं होतं. संध्याकाळी ते परत मांडणीवर ठेवलं. हे रागानं लिहीत नाही. जयसिंगपुराहून एसटीनं यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो हे मला कळतं. तू शाळेलाही आता दोन गाड्या बदलून जातेस असं ऐकलं. गाडी हातात धरत नाहीस असंही ऐकलं.

अपूर्वाचं दहावीचं वर्ष आहे. भूमिती अडते. क्लास लाव म्हटलं तर म्हणते, "आत्या आली की शिकीन."

दुकान चाललं आहे. मशीन आता पिराजीच सांभाळतो, मी काउंटरला बसतो. गुडघा दुखतो.

मशीन आणलं तो दिवस तुला आठवतो का? आण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी जन्मभर लोखंडी पट्ट्या घालून, गुडघ्यानं दाबून टायर काढले आणि घातले. माझ्याच्यानं ते होईना म्हणून मशीन घेतलं. आई बघायला आली होती. चाक वर ठेवलं, चार पंजांनी रिम धरली, मी पायानं पेडल दाबलं आणि तबकडी फिरायला लागली. आई म्हणाली, "ह्ये तर जात्यावानी फिरतंय की." आणि थोडं थांबून म्हणाली, "पर जात्यापाशी बसल्यावर हाताला कळतंय दाना सरला ते. तुला कसं कळनार रं?" आपण हसलो होतो.

परवा एक गडहिंग्लजचा ड्रायव्हर जीप घेऊन आला होता. पिराजी टायरच्या कडेला ब्रशनं रिठ्याचं पाणी लावत होता. फेस आलेला बघून तो म्हणाला, "काय ओ, टायरला न्हाऊ घालताय व्हय?"

पिराजी म्हणाला, "व्हय पावणं. तुमच्या गाडीला कधी आंघोळ दिसंना, म्हटलं टायर तरी धुवावा."

मग त्यानं आण्णांची सगळी गोष्ट त्याला सांगितली. टायर रिमवर चढताना कडा घसरत जावी म्हणून काहीतरी बुळबुळीत लावावं लागतं. सगळे डब्यातला मलम नाहीतर साबण लावतात. आण्णांच्या वेळी एक विक्रेता मलमाचा डबा घेऊन आला. आण्णांनी विचारलं, यात चरबी कशाची? तो म्हणाला, शेठ, कंपनी सांगत नाही. आण्णांनी डबा परत दिला. "माहीत न्हाय ते आपल्या दुकानात वापरायचं न्हाय." साबणाचंही तेच. तेव्हापासून आई दर सोमवारी रिठे उकळायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि मंगळवारी सकाळी कॅन भरून दुकानात पाठवायची. बत्तीस वर्षं. हे सगळं पिराजी त्या ड्रायव्हरला असं सांगत होता जसं काही तो आपल्याच घरात जन्मला.

रिठ्याचं पाणी आता पिराजीच करतो. मी सांगितलेलं नाही. रोज सकाळी कॅन काठोकाठ भरलेला असतो.

तुझी गाडी मागच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. घाई नाही.

येत्या पंधराला आईला जाऊन सहा महिने होतील. तू अजून सगळ्यांना तेच सांगतेस असं अनुजाच्या कानावर आलं, की मलकापूरच्या रस्त्यावर तुला डुलकी लागली आणि म्हणून गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. पोलिसांनाही तू तेच सांगितलंस. असं म्हणत जाऊ नकोस. व्हायचं ते झालं.

थंडी सुरू झाली आहे. सकाळच्या एसटीला स्वेटर घालून जात जा.

तुझा,
दादा


मंगळवार पेठ, कोल्हापूर
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

आदिती,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्यात उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

परवा अरिहंतराव दुकानात आले. तुला त्यांनी सांगितलं नसेल. गाडीचं काही काम नव्हतं. बाकावर बसले, चहा अर्धाच प्याले.

"दादा, सत्तावीसला तारीख हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माहीत हाय."

"ती कबूल करणार म्हणत्या."

"काय कबूल?"

"डुलकी लागली म्हणून. माझ्या हातनं आई गेली म्हणून. वकील म्हणतोय, काय बोलू नका, डुलकीचा पुरावा कुठं हाय? तर म्हणत्या, पुरावा कशाला पायजे, मीच बसले होते की स्टेअरिंगवर."

"शिक्षा लागली तर शाळेतनं काढतील," मी म्हणालो.

"मला वाटतंय तिला तेच पायजे."

पिराजी मशीनवर होता. त्यानं पेडलवरचा पाय काढला होता. तबकडी थांबली होती आणि चाक तसंच अर्धवट राहिलं होतं. अरिहंतराव गेल्यावर तो माझ्याजवळ आला, हात पुसले आणि म्हणाला, "मालक, आता तरी."

एवढंच म्हणाला. गेले सहा महिने तो याबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

आता मी क्रमानं लिहितो. मधेच थांबलो तर पुढचं लिहिलं जाणार नाही.

पंधरा मे, गुरुवार. तू आणि आई सव्वाअकराच्या सुमारास दुकानात आलात. मलकापूरला मावशीच्या घराची वास्तुशांती होती. आईजवळ भडंगाची पिशवी होती आणि मावशीसाठी घेतलेली साडी. पुढचा डावा टायर पार गुळगुळीत झालेला मला दिसला. मी म्हटलं, बदलून जा. तू म्हणालीस, "येताना बदलू, दादा. मावशी जेवायला थांबल्यात." आई पंख्याखालच्या बाकावर बसत म्हणाली, "त्याचं ऐक गं. त्यो काय तुझ्या वाइटाचं सांगतोय?"

तू समोर बँकेत गेलीस. पुढचं तू बघितलेलं नाहीस.

आई त्याआधी पंधरा दिवस तुझ्याकडेच होती. त्या दोन सोमवारी घरात रिठे उकळले नव्हते. मी अनुजाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पिराजीनं कॅन उचलला, हलवून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. कॅन रिकामा होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेजारच्या हाटेलातनं साबणाचं पाणी आणू काय? कुनाला कळतंय?"

मी नकारार्थी मान हलवली. आई समोर बसली होती. मी त्याला म्हटलं, बाजूला हो, मी करतो.

तेवढ्यात आईनं विचारलं, "रिठं हाय न्हवं रं कॅनात?"

मी म्हणालो, "हाय की."

का म्हणालो ते मी बरेच दिवस शोधतो आहे. नाही म्हटलं असतं तर ती घरी जाऊन रिठे उकळायला बसली असती. तासभर गेला असता. तू चिडली असतीस. आणि आपण नव्हतो म्हणून कॅन रिकामा राहिला याचं तिला वाईट वाटलं असतं. तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणालो असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता वाटतं, मला फक्त काम उरकायचं होतं.

मग मी एक गोष्ट केली. ब्रश रिकाम्या कॅनमध्ये बुडवला, बाहेर काढला आणि कोरडा ब्रश टायरच्या कडेवरून गोल फिरवला. दोन्ही बाजूंनी. आईला दिसावं म्हणून. ती बघत होती. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं, तुला माहीत आहे.

खालची कडा चढली. वरची पाऊण चढली आणि अडली. कडेच्या आत पोलादी तार असते, ती वाकत नाही, तिला घसरायला वाट लागते. असं अडलं की पेडल सोडायचं, तबकडी उलटी फिरवायची, पुन्हा पाणी लावायचं. गेली सात वर्षं मी तेच करतो. त्या दिवशी मी पेडल दाबून धरलं. मशीन कण्हलं. मग एक आवाज आला. जुनं फडकं फाटताना येतो तसा, लहान. आणि टायर चढला.

आण्णांच्या पट्ट्या असत्या तर तो फाटताना हाताला कळलं असतं. पण माझ्या कानाला कळलं होतं, त्यामुळे ते म्हणण्यात अर्थ नाही.

पिराजी म्हणाला, "मालक." मी म्हटलं, काय न्हाय.

हवा भरली. दोन्ही कडा बसल्या. त्यानंतर कडेवरून पाणी ओतून बुडबुडे येतात का ते बघायचं असतं, म्हणजे हवा कुठून जात असेल तर दिसते. ते पाणीही रिठ्याचंच. ते नव्हतं. साधं पाणी नळाला होतं. तेही मी ओतलं नाही. काट्यानं बत्तीस दाखवलं. मी तो दुसऱ्यांदा लावून बघितला नाही.

तू आलीस. आई उठली आणि नेहमीसारखा नव्या टायरला हात लावून णमोकार म्हणाली. मग पुढे, तुझ्या शेजारी, डाव्या बाजूला बसली. काच खाली करून मला म्हणाली, "जेवून घे येळंवर. अंधार करू नगंस." मी हात हलवला.

पुढचं तुला माहीत आहे. पण जे माहीत आहे असं तुला वाटतं ते खरं नाही.

जून महिन्यात गाडी सोडवून आणली तेव्हा एका सोमवारी, दुकान बंद असताना, मी ते चाक काढलं आणि मशीनवर घेतलं. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले होते, कठड्यावर आपटून टायर फुटला. सगळ्यांनी तेच धरलं. मी टायर उचलला आणि आतून काळा चुरा तबकडीवर सांडला. ओंजळभर असेल. आपटून फुटलेल्या टायरात चुरा नसतो. हवा कमी झालेली असताना गाडी पळत राहिली की टायर आतल्या आत दुमडून घासतो आणि रबराचा चुरा होतो. त्याला काही किलोमीटर जावे लागतात. आणि कडेला फाटलेलं होतं. दोन बोटं रुंद. मशीनचं डोकं जिथं दाबतं तिथंच.

म्हणजे कोल्हापुरातून निघाल्यापासून त्यातून हवा जात होती. कठड्याच्या आधीच टायर गेला होता आणि गाडी त्या बाजूला ओढली गेली.

दवाखान्यात तू मला सांगितलं होतंस. हाताला प्लास्टर होतं तुझ्या. "गाडी सारखी डावीकडं जात होती, दादा. मला वाटलं माझाच हात ढिला पडतोय. मी झोपले असणार." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मला चुऱ्याचं माहीत नव्हतं, पण तो आवाज आठवला होता. मी हात ठेवला आणि गप्प बसलो.

तू झोपली नव्हतीस, आदिती. तू गाडी सरळ धरत होतीस. ती धरली जाण्यासारखी नव्हती.

टायर मी माळ्यावर पोत्यांखाली ठेवला. फेकायचा विचार केला नाही असं नाही. दोनदा खाली काढला होता. पिराजीनं दोन्ही वेळा बघितलं. दुसऱ्या दिवशी कॅन जरा लवकर भरून ठेवला. मी मशीनवर बसत नाही याला गुडघा हे कारण नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही.

मला रडू येत नाही. सुरुवातीला लोकांना वाटायचं, थोरला मुलगा म्हणून धीर धरलाय. तसं काही नाही. सकाळी उठतो, बस्तीत जातो, शटर वर करतो, दिवस मावळायच्या आत जेवतो. कुणी काही विचारलं की उत्तर देतो. आईचा फोटो बघितला की फोटो दिसतो.

काल जेवताना अनुजाला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ती सहा महिने ते घेऊन हिंडत्या, ते तुम्ही बघत बसला?" मी हो म्हणालो. ती ताटावरून उठली. अजून बोललेली नाही. अपूर्वाला आपणच सांगेन असं म्हणते आहे. ते बरोबरच आहे.

आज सकाळी पिराजीनं आणि मी टायर पोत्यात घातला आणि तुमच्या वकिलांच्या ऑफिसात नेऊन ठेवला. चुरा मी त्या वेळी डब्यात भरून ठेवला होता, तो डबाही दिला. का भरून ठेवला होता ते सांगता येत नाही. जे झालं ते लिहून दिलं, सही केली. पिराजीनं त्याखाली सही केली. साबणाचं पाणी आणू का असं त्यानं विचारलं होतं, हे वाक्य लिहायला तो नको म्हणत होता. "माझं कशाला त्यात? माझं चांगलं दिसाया?" मी ते लिहायला लावलं. वकील म्हणाले, यातून पुढं तुमच्यावर काय येईल ते आत्ता सांगता येत नाही. मी म्हटलं, येऊ दे.

तेव्हा सत्तावीसला तू काही कबूल करू नकोस. तुझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही. मी तिथं असेन, मागच्या बाकावर बसेन. माझ्याशी बोलायला यायची गरज नाही. माझ्याकडे बघायचीही नाही. वकिलांनी बोलावलं तर पुढे येईन आणि हेच सांगेन.

गाडी चालवायची की नाही ते तुझं तू बघ. पण आपल्याला येत नाही म्हणून सोडू नकोस. तुला येते. त्या दिवशीही येत होती.

आणखी एक. मागच्या सोमवारी रिठे मी भिजत घातले, आईच्याच पातेल्यात. उकळले. गाळायला तिचं फडकं शोधलं तर ते कपाटात होतं, धुऊन, घडी करून. चौथ्या कप्प्यात. तुझ्याकडे यायला निघायच्या आधी ठेवलं असणार. ते मी वापरलं नाही. तुला हवं असेल तर पिराजीजवळ या पत्राबरोबर दिलं आहे. नको असेल तर त्याच्याच हाती परत पाठव.

पत्र पोस्टात टाकत नाही. सत्तावीसच्या आत पोचायला हवं. पिराजी दुपारच्या गाडीनं निघतो आहे. तू वाचून होईपर्यंत तो बाहेर बसेल. काही सांगायचं असेल तर त्याला सांग. शिव्या असतील तरी सांग, तो जशाच्या तशा आणेल. काही सांगायचं नसेल तर त्याला चहा देऊन पाठव. तो सकाळपासून जेवलेला नाही.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे. तो मी लिहीत नाही. खाली "दादा" लिहिणार होतो. ते म्हणायचं की नाही, हे आता तुझ्याकडं ठेवतो.

सम्मेद